किल्ली फिरेना

मला बघायला आलेले पाहुणे आमच्या घरी चांगले अडीच तास अडकून पडले होते. ही हकीकत आमच्याकडे पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेली, आणि ज्याने त्याने ती आपापल्या सोयीने सांगितली. बाबांच्या सांगण्यात गाडी जास्त असायची, आईच्या सांगण्यात पिठलं. त्या दुपारी हजर असलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा माझ्या सोयीने सांगायला हरकत नाही.

आम्ही तेव्हा डोंबिवलीला स्टेशनच्या पूर्वेला एका बैठ्या घरातल्या दोन खोल्यांत राहत होतो. मागच्या खिडकीतून भाताची खाचरं दिसत, पुढच्या ओटीवरून कच्चा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे दगडांनी बांधलेलं गटार. बाबा ठाकुर्लीच्या वीजघरात फिटर होते. रुळाच्या कडेने चालत जायचे, चालत यायचे. वीजघराचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू येई आणि आईचं सगळं घड्याळ त्या भोंग्यावर चाले. पहिल्या भोंग्याला भात उतरवायचा, दुसऱ्याला डबा बांधायचा. तिथल्या विजेवर आगगाड्या धावत, आणि ती वीज करणाऱ्यांपैकी एक असलेले आमचे बाबा संध्याकाळी घरी येऊन पहिलं काम कुठलं करत, तर कंदिलाची काच पुसायचं. त्यात काही विनोद आहे असं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

रविवारी ओटीवर गोणपाट अंथरलं जाई. शेजारपाजारचे लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येत. घड्याळं, शिवणयंत्रं, आणि सगळ्यात जास्त कुलुपं. मी दहाएक वर्षांची असल्यापासून बाबांच्या समोर बसून पक्कड दे, कानस दे, दिवा धर असं करत आले होते आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी लहानसहान कुलुपं माझ्याकडेच यायला लागली होती. बाबांचे कुलपाबद्दलचे नियम ठरलेले होते. किल्ली फिरत नसेल तर जोर करायचा नाही, आधी कुलपावर कशाचा ताण आहे ते बघायचं. समोरच्या वैद्यांच्या बायकोची ट्रंक दर थंडीत उघडेनाशी होई, कारण आत गोधड्या कोंबलेल्या असत. बाबा मला ट्रंकेवर बसायला सांगत, मी बसले की झाकण दबे आणि किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरे. दुसरा नियम असा की कुलपाला तेल पाजायचं नाही, तेलावर धूळ बसते आणि त्याचा चिखल होतो. पेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची पूड किल्लीला चोळायची. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. रविवारी रात्री ती माझी नखं लिंबाच्या सालीने घासायची आणि म्हणायची, "ही बोटं बघून कोण म्हणेल मॅट्रिक झालेली मुलगी आहे म्हणून?"

मॅट्रिक झाल्यावर वर्षाच्या आतच बापूकाकांनी स्थळ आणलं. बापूकाका बाबांचे चुलतभाऊ. स्थळं जमवणं हा त्यांचा छंद होता आणि त्यात ते उदार होते, म्हणजे मुलीकडच्यांना मुलाचं आणि मुलाकडच्यांना मुलीचं जे काही कमी असेल ते स्वतःच्या पदरचं घालून पुरं करत. नानासाहेबांचं घर ठाण्याला टेंभी नाक्यापाशी, कल्याणला लाकडाची वखार, एकुलता एक मुलगा मधुकर, आणि मोटार. मोटारीचं नाव निघाल्यावर आईच्या हातातलं लाटणं थांबलं, हे मला अजून दिसतं. मग बापूकाका जरा घसा खाकरून म्हणाले, "एक आहे, दादा. मी त्यांना तू वीजघरात इंजिनियर आहेस असं सांगितलंय."

"अरे, पण मी फिटर आहे."

"दोन्ही इंग्रजीच शब्द आहेत. त्यांना काय फरक कळतोय?"

बाबा आईकडे बघायला लागले. आई लाटण्याकडे बघत होती. शेवटी ती म्हणाली, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

त्या एका दिवसासाठी वैद्यांचा कोट मागून आणला गेला. बाबांची हत्यारं गोणपाटासकट माझ्या खाटेखाली गेली, वरून गोधडी लोंबती सोडली. बाबांच्या अंगठ्यावर ग्रीसचा एक काळा डाग कायमचा बसलेला होता, तो काही केल्या निघेना, तेव्हा आईने त्यांना अंगठा मुठीत ठेवून बसायला सांगितलं. एप्रिल महिना. आज मला त्या कोटाचीच आठवण जास्त येते, लोकरीचा होता.

पाहुणे साडेदहाला आले. मी आणि आई आतल्या खोलीच्या बाजूच्या खिडकीतून बघत होतो. गल्लीत मोटार शिरली तीच इतक्या वेगाने की वैद्यांच्या कोंबड्या कुंपणावर गेल्या. गाडी मोठी, अमेरिकन बनावटीची, लढाईच्या दिवसांत कुणा गोऱ्या अधिकाऱ्याने वापरून सोडलेली. स्टिअरिंगच्या चक्रावर मधुकरराव स्वतः बसले होते. डोक्यावर टोपी घातलेला पिकल्या मिशांचा ड्रायव्हर शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि आमच्या घरासमोर आल्यावर त्याने एकदा हात पुढे केला, तो मधुकररावांनी बाजूला सारला. गाडी गटाराकडे वळली, पुढचं डावं चाक दगडावर जाऊन आपटलं, एक आचका बसला आणि ती तिथेच थांबली. ड्रायव्हर उतरून चाकाकडे बघायला लागला, काहीतरी म्हणाला. मधुकरराव हसले आणि किल्ली काढून खिशात टाकली. नानासाहेब आणि त्यांच्या पत्नी, माई, मागच्या बाजूला बसले होते. माईंचे गुडघे दुखत होते, त्यांना उतरवण्यातच नानासाहेबांचं सगळं लक्ष होतं.

बघण्याचा कार्यक्रम जसा व्हायचा तसा झाला. मी करंज्यांची बशी नेली, पन्हं नेलं, नमस्कार केले. माई प्रेमळ होत्या, त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. नानासाहेबांनी बाबांना "काय इंजिनियरसाहेब, सरकारचे दिवे तुमच्याच हातात म्हणायचे" असं म्हटलं आणि बाबा मूठ घट्ट आवळून हसले. मधुकररावांनी मला एकच प्रश्न विचारला, "वाचनाची आवड आहे का?" मी हो म्हटलं. काय वाचता, हे त्यांनी विचारलं नाही. दिसायला छान होते. खोटं कशाला सांगू, मला ते आवडले होते. सोळाव्या वर्षी आवडायला तेवढं पुरतं.

बारा वाजता मंडळी निघाली. मधुकररावांनी किल्ली ड्रायव्हरच्या हातात दिली, "सखाराम, आता तू घे." आम्ही सगळे ओटीवर निरोपाचे चेहरे करून उभे. सखारामने किल्ली घातली. त्या गाडीचं कुलूप चक्राच्या दांड्यावर होतं. किल्ली फिरली की चक्रही मोकळं होई आणि इंजिनही. किल्ली फिरेना. त्याने काढून पुसली, परत घातली. "फिरत नाय, साहेब."

मग आमच्या गल्लीत जे काही शहाणपण होतं ते सगळं मोटारीभोवती गोळा झालं. कुणी किल्ली उन्हात तापवायला सांगितली, कुणी पाण्यात बुडवायला. एकाने बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता बंद केलं. माईंच्या अंबाड्यातला आकडा कुलपात जाऊन आला. बापूकाकांनी आईकडून खोबरेल तेल मागून घेतलं आणि अर्धी वाटी कुलपात ओतली. ते बघताना बाबांनी डोळे मिटून घेतले, कुणाच्या तरी तोंडात कडू औषध चाललंय तसे.

"अरे, इंजिनियर घरात असताना आपण कसली खटपट करतोय!" नानासाहेब म्हणाले. सगळे बाबांकडे वळले. बाबांनी एक पाऊल उचललं. मागे आई खोकली. तिची भीती मला कळत होती: बाबांचा हात एकदा का त्या गाडीला लागला, तर ते थेट गाडीखाली शिरतील आणि बाहेर येतील ते फिटर होऊनच. बाबांनाही ती कळली. ते पाऊल मागे घेऊन म्हणाले, "आमचा संबंध मोठ्या यंत्रांशी येतो. हे... फार लहान आहे."

नानासाहेबांना ते पटलं. मोठी माणसं अशीच बोलतात अशी त्यांची समजूत असावी.

कल्याणहून मिस्त्री आणायला सायकलवरून माणूस गेला. जेवायची वेळ टळत चालली होती. आईने तयारी केली होती ती फराळाची. पाच माणसांच्या जेवणाला घरात तांदूळ होते, बेसन होतं, कैऱ्या होत्या. तिने पिठलं टाकलं, भात, कैरीचं सार, वरून लसणीची फोडणी. इंजिनियरच्या घरी पाहुण्यांना पिठलं, या विचाराने तिला रडू फुटायचं बाकी होतं. पण नानासाहेबांनी तीनदा मागून घेतलं, ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं, आणि माईंना म्हणाले, "आपल्याकडे असं का होत नाही?" माई म्हणाल्या, "आपल्याकडे तुम्ही ते होऊच देत नाही."

सार आणायला मी आत गेले तर बाबा पाण्याच्या पिंपापाशी कोटाची बटणं सोडून उभे होते. हळूच म्हणाले, "सुमा, पाहिलंस ना? चाक दगडावर रेटलंय. सगळा भार चक्रावर आलाय, कुलपाचा खिळा आत अडकून बसलाय. गाडी वीतभर मागे सरकवून कुणी चक्र जरा फिरवून धरलं की झालं."

"वैद्यांच्या ट्रंकेसारखं."

"अगदी तसं."

"मग सांगा ना त्यांना!"

"मी इंजिनियर आहे," बाबा म्हणाले आणि बटणं लावून बाहेर गेले.

माझ्या नातवाची गाडी आता बटण दाबून सुरू होते, किल्ली खिशातच राहते. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आजी, तू सरळ जाऊन उघडायचं होतंस ना. त्याला काय समजावू? बघायला आलेल्या मुलीने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं आणि विचारलं तर थोडक्यात, हे मला इतकं पक्कं पढवलं होतं की बोलण्याचा विचारसुद्धा मनात आला नाही. मला उलट मजा वाटत होती. आणखी दोन तास ते बसणार होते.

मजा संपली ती दोनच्या सुमाराला. सायकलवाला एकटाच परत आला. मिस्त्री गावाला गेला होता. पोटभर जेवण आणि वरचं ऊन, नानासाहेबांचा पारा चढला. ते तरातरा गाडीपाशी गेले. "सख्या, कुलूप तूच मोडलंयस. कुणाला दिली होतीस गाडी? मुंब्र्याला चहाला थांबलो तेव्हा किल्ली कुणाकडे होती?"

सखाराम दिवा स्टेशनकडच्या आगरी गावातला. अकरा वर्षं त्यांच्याकडे होता, हे माईंनीच मघाशी सांगितलं होतं. त्याने टोपी काढून हातात घेतली. "मी काय केला नाय, साहेब. गारी तर मी..." एवढं बोलून त्याने मधुकररावांकडे पाहिलं आणि तो थांबला.

मधुकरराव आपल्या बुटाचं टोक बघत होते.

"उद्यापासून यायचं नाही," नानासाहेब म्हणाले. "आणि आण ती पक्कड. मोडायचंच आहे तर नीट मोडू."

मी आईबरोबर स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पक्कड लावून पिळली असती तर किल्ली आतच तुटली असती, आणि दुसरी किल्ली नव्हती. पण खरं सांगायचं तर मला किल्ली दिसत नव्हती. टोपी हातात धरलेला तो म्हातारा दिसत होता. मी आईकडे पाहिलं. ती खरकटी भांडी घेऊन उभी होती. भांडी तिने खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमे, जा. पदर खोच आणि जा."

खाटेखालून गोणपाट ओढलं तेव्हा हत्यारांचा असा खणखणाट झाला की बाहेरचे सगळे आत बघायला लागले. मी चिंधी, रॉकेलची बाटली, पेन्सिल आणि ब्लेड घेतलं आणि त्या सगळ्यांच्या मधून गाडीपाशी गेले. नानासाहेबांच्या हातात पक्कड तशीच राहिली. रॉकेलच्या चिंधीने मी कुलपाच्या तोंडचं तेल पुसून काढलं, जमेल तितकं; किल्ली घासून कोरडी केली, पेन्सिलीचं शिसं खरवडून तिला चोळलं. मग सखारामला म्हटलं, "दादा, तुम्ही आत बसा. गाडी गिअरमधून काढा, आणि मी सांगेन तेव्हा चक्र दगडाच्या बाजूला दाबून धरा." मग बाकीच्यांकडे वळून म्हटलं, "गाडी पुढून मागे ढकलायला हवी. वीतभरच."

वैद्य आले, बापूकाका आले. मी मधुकररावांकडे बघत उभी राहिले. त्यांना इलाजच उरला नाही. रेशमी सदऱ्याच्या बाह्या सावरत तेही बंपरला लागले. पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. गर्दीत कुणीतरी हसलं. माझे कान तापले. बाबा ओटीवरून म्हणाले, "सुमा, घाई नको." दुसऱ्यांदा ढकलल्यावर चाक दगडावरून सुटलं, सखारामने चक्र दाबलं आणि मी दोन बोटांनी किल्ली फिरवली. खट्‌कन आवाज झाला. एवढ्या मोठ्या गाडीतला एवढासा आवाज, पण गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेला असावा.

"हे कुठे शिकलीस?" नानासाहेबांनी विचारलं. विचारलं होतं, तेव्हा मी थोडक्यात सांगितलं.

"बाबांकडे. बाबा वीजघरात फिटर आहेत."

बापूकाका एकाएकी चाकाची हवा तपासायला वाकले. बाबांनी कोट काढला, नीट घडी घातली आणि वैद्यांच्या हातात दिला. पाठीवरचा सदरा घामाने चिकटला होता, पण त्यांचा चेहरा मी इतका मोकळा फार थोड्या वेळा पाहिला आहे.

"कुलूप मोडलेलं नाही," मी म्हटलं. "गाडी लावताना चाक दगडावर रेटलं गेलं, म्हणून भार आला. या दादांनी काही बिघडवलेलं नाही."

मला वाटलं होतं, आता तरी मधुकरराव बोलतील. बोलायला किती जागा करून दिली होती मी. गाडी कुणी लावली हे मागे बसलेल्या नानासाहेबांनाही ठाऊक होतं, पण ते खेकसले सखारामवरच, "गाडी लावायची अक्कल नाही का रे तुला अकरा वर्षांत? बस, चल. या वेळी सोडतो." सखारामने टोपी डोक्यावर ठेवली. "चुकला, साहेब," तो म्हणाला आणि त्याने इंजिन चालू केलं. मधुकरराव रुमालाने हात पुसत होते. निघताना त्यांनी मला नमस्कार केला, आणि मघापेक्षा ते अजिबात कमी देखणे दिसत नव्हते. मला त्याचंच नवल वाटलं.

सबंध आठवडा आई माझ्याशी कामापुरतं बोलली. आता नकार येणार हे घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आठव्या दिवशी बापूकाका आले ते पायऱ्यांवरूनच ओरडत आले, "पसंत! मुलगी पसंत आहे! नानासाहेब म्हणाले, इंजिनियरच्या मुली रग्गड बघितल्या, बंद गाडी चालू करणारी ही पहिलीच." खोट्याने जे जमवायचं होतं ते खऱ्याने जमलं होतं, आणि बापूकाकांच्या चेहऱ्यावर त्याचा थोडा खेदच दिसत होता. आई साखर आणायला आत धावली. मी तिच्या मागोमाग गेले आणि म्हटलं, "मला नाही करायचं."

तिच्या हातातला डबा तसाच राहिला. बाबाही आत आले. "का गं?" त्यांनी विचारलं. मला काय हवंय हे त्यापूर्वी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

"गाडी त्यांनी लावली होती. सखारामने नाही. मी खिडकीतून पाहिलं. म्हाताऱ्याची नोकरी जात होती तरी ते बोलले नाहीत, आणि गाडी चालू झाल्यावरही बोलले नाहीत."

आईने साखरेच्या डब्याचं झाकण लावलं.

"मीही पाहिलं होतं," ती म्हणाली.

"तू पाहिलं होतंस?" बाबा म्हणाले. "आणि तरी साखर आणायला धावलीस?"

"मग काय करू? बायकांनी जेवढं पाहिलं तेवढं सगळं धरून बसायचं म्हटलं तर गावात एक लग्न व्हायचं नाही." तिने डबा फडताळात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण तू बस धरून. तुला जमतंय तर बस."

पदराला हात पुसून ती ओटीवर गेली. बापूकाका साखरेसाठी हात पुढे करूनच बसले होते.

"भावोजी, त्यांना कळवा, पत्रिका जमत नाही."

माझी पत्रिका कुणी कधी मांडलेलीच नव्हती, आणि बापूकाकांइतकं ते दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला, आईच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि खिशातून पेन्सिल काढली.

"कोणता ग्रह आडवा येतो म्हणून कळवू, वहिनी?"

"मोठ्यातला एखादा कळवा," आई म्हणाली. "लहानसहान ग्रहांना ती माणसं जुमानायची नाहीत."